लॉनमधनं दगडाची पायवाट टाकायची असेल तर

लॉनवर रोज एकाच वाटेनं ये-जा झाली की तिथलं गवत जातंच, गेटपासनं मोटारीच्या स्टार्टरपर्यंत नाहीतर कपड्यांच्या तारेपर्यंत टक्कल पडलेली पट्टी बघा, वाट तिथनंच काढायची. उगं छान दिसते म्हणून नागमोडी केली तर पोरं सरळच जाणार आणि गवत परत मरणार.

काम दिवाळीनंतर काढा. आपल्याकडं पाऊस ऑक्टोबरपर्यंत रेंगाळतो, माती वाफशावर आली, म्हणजे ओलसर पण चिखल नाही अशी झाली, की खणायला सोपी जाते, चिखलात टाकलेला दगड नंतर हमखास खचतो.

दगड वरनं खडबडीत असलेला घ्या, दोन इंच जाड, सोळा-अठरा इंचाचा. काळा दगड सगळ्यात टिकाऊ, पण अठरा इंची एक नग पंचवीस-तीस किलो भरतो, त्यामुळं एकट्यानं कंबर मोडून घेऊ नका. जांभा दिसायला भारी, पण पाणी पितो आणि शेवाळ लवकर धरतो. पॉलिशचा कडप्पा अजिबात नको, जुलैत घसरगुंडी होते.

आधी दगड नुसते गवतावर मांडा आणि घरातल्या सगळ्यांना चालायला लावा. एका दगडाच्या मध्यापासनं पुढच्याच्या मध्यापर्यंत 22 ते 24 इंच बरं पडतं, घरात आजी असेल तर 20 करा, तिच्या पावलानं मांडलेली वाट बाकीच्यांना पण चालते. मग दगडाच्या कडेनं विळ्यानं गवत कापा, दगड बाजूला सारा, गवताची चकती मुळासकट काढा. ती फेकायची नाही बरं का, लॉनवर दुसरीकडं टक्कल पडलं असेल तिथं लावून पाणी मारा. आणि खाली मोटारीची केबल किंवा पाण्याचा पाईप गेलाय का ते पहार मारायच्या आधीच विचारून घ्या.

आता खरं काम. मुरमाड जमीन असेल तर खाली इंच-दीड इंच कच (दगडाचा बारीक चुरा) पुरते, पण काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, दगड कितीही भारी असला तरी तिच्यावर हलतोच, म्हणून तिथं सहा-सात इंच खणा, तीन-चार इंच मुरूम ओला करून धुम्मसनं (माती ठोकायच्या जड ठोकळ्यानं) ठोका, वर इंचभर कच. सिमेंट नको, माती फुगली की तडकतं, शिवाय दगड परत उचलता येत नाही.

दगड ठेवून रबरी हातोड्यानं ठोका आणि परत उचला. कचीवर ठसा उमटलेला दिसेल, जिथं उमटला नाही तिथं पोकळ आहे, तेवढ्याच जागी मूठभर कच टाका. काही गवंडी अशा वेळी खाली चिप्पी (दगडाचा बारका तुकडा) मारतात, आज हलत नाही पण पुढच्या पावसात हलतो. वरची बाजू मातीच्या लेव्हलला, फार तर बोटाच्या जाडीएवढी वर, म्हणजे गवत कापायचं मशीन वरनं जातं. एका बाजूला अगदी हलका उतार ठेवा, दगडावर पाणी साचलं की शेवाळ आलंच.

कडेच्या फटीत चाळलेली माती भरा, हरळी असेल तर ती आपोआप पळते. पहिल्या पावसाळ्यानंतर एखाद-दुसरा दगड खचेल, पहारीनं उचलून कच घाला. शेवाळाला तारेचा ब्रश पुरतो, ॲसिड ओतलं तर आजूबाजूचं लॉन जळतं.