टाक्यात बुडणारी यू-१२०६: शेतातल्या पाइपची पाणबुडी

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात पाणबुडी म्हणजे बाटली आणि ड्रॉपर, हे ठरूनच गेलंय. त्यात तत्त्व कळतं, यंत्र कळत नाही. संत्र्याच्या बागेत उरलेल्या पाइपाच्या तुकड्यांतून त्याहून बरंच चांगलं काम होतं.

मॉडेल दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मनीच्या टाइप सात-सी पाणबुडीचं करा; यू-१२०६ ही त्याच जातीची. तिचा दाब सोसणारा आतला पिंप सुमारे ५० मीटर लांब आणि ४.७ मीटर रुंद होता. म्हणजे ५० एमएमचा पीव्हीसी पाइप ५० सेंटिमीटर कापला की १:१०० प्रमाण जवळजवळ आपोआप जमतं.

पाइपात १२ एमएम सळईचे ४० सेंटिमीटरचे दोन तुकडे (मिळून अंदाजे ७०० ग्रॅम) तळाशी शेजारी-शेजारी एम-सीलने पक्के बसवा. सळई सुटली की पाणबुडी पोट वर करते. एका एंड कॅपला भोक पाडून औषधाच्या बाटलीचं रबरी बूच लावून ठेवा, ते पुढे लागेल. दोन्ही टोकं पॉलिश पेपरने घासून सोल्युशन लावा आणि एक दिवस हात लावू नका. गळती बहुतेक वेळा या घाईतूनच होते.

आता बॅलास्ट टाक्या, म्हणजे पाणी भरलं की बोट बुडते आणि हवा भरली की वर येते त्या. खऱ्या पाणबुडीच्या दोन्ही कुशींना त्या खोगिरासारख्या होत्या, खालून उघड्या. २५ एमएमच्या कंड्युट पाइपचे २० सेंटिमीटरचे दोन तुकडे घ्या, टोकं बंद करा, खाली ८ एमएमची तीन-तीन भोकं पाडा. वर बरोबर मधोमध ड्रिपची मायक्रो ट्यूब घट्ट बसवा. दोन्ही ट्यूब टी-ला जोडून पुढे दीड मीटर एकच ट्यूब न्या. टाक्या मोठ्या पाइपच्या मध्यरेषेच्या जरा खाली केबल टायने आवळा.

दोन्ही टाक्यांत मिळून साधारण १४५ मिली पाणी मावतं. खऱ्या बोटीचं वजन पाण्यावर ७६९ टन आणि बुडाल्यावर ८७१ टन, म्हणजे तेरा टक्क्यांचा फरक. आपलंही प्रमाण त्याच्या आसपासच बसतं.

ट्यूबचं तोंड मोकळं सोडून मॉडेल पाण्याच्या टाक्यात ठेवा. टाक्या भरूनही तरंगत असेल तर खाली मधोमध नट-बोल्ट बांधत जा. पाण्यात जेमतेम लटकलं की आणखी २० ग्रॅम, बास. सायकलच्या पंपाने हवा भरली की पाणी खालून निघतं आणि बोट वर येते. मध्येच अधांतरी थांबवायला जाऊ नका: अर्धवट भरलेल्या टाकीतली हवा एका टोकाला धावते आणि बोट उभी होते. ट्यूब ताठ असेल तर ती मॉडेलला ओढते. कोमट पाण्यात ठेवून सरळ करा, नाहीतर सलाईनची नवी नळी वापरा.

आता ते बूच कशाला, तर यू-१२०६ चा शेवट दाखवायला. यू-१२०६ ही १६ मार्च १९४४ ला सेवेत आली. एप्रिल १९४५ मध्ये कार्ल-आडोल्फ श्लिट यांच्या हाताखाली नॉर्वेहून पहिल्याच युद्धफेरीवर निघाली आणि १४ एप्रिलला स्कॉटलंडच्या पीटरहेडजवळ संपली. एकही जहाज बुडवलं नाही. सुमारे २०० फुटांवर संडासाच्या व्हॉल्व्हमधून पाणी आत आलं. तिथला दाब चौरस सेंटिमीटरला सहा किलो, २०० फूट बोअरच्या तळाशी उभ्या पाइपात असतो तेवढाच. पाणी खालच्या बॅटऱ्यांत गेलं, खारं पाणी आणि बॅटरी मिळून क्लोरीन वायू झाला. वर येणं भाग पडलं, विमानांनी गाठलं, शेवटी बोट स्वतःच बुडवावी लागली. चार जण मेले.

हे दाखवायला सिरिंजने बुचातून आत १०० मिली पाणी सोडा. टाक्या पूर्ण फुंकल्या तर बोट वर येते, पण रडतरडत, नाक खाली घालून. मग २०० मिली सोडा. १४५ मिलीच्या टाक्यांना ते उचलत नाही, कितीही पंप मारा. म्हणून आधीच बोटीला दोरी बांधून ठेवा.

क्लोरीन मात्र तोंडीच सांगा. ट्रॅक्टरची बॅटरी आणि मीठ टेबलाजवळसुद्धा आणू नका.