मुदतीआधी घर सोडताय? आधी करारनामा काढा
भाड्याचं घर मुदतीआधी सोडायचं असेल तर घरमालकाला फोन करण्याआधी करारनाम्यात दोन शब्द शोधा: 'लॉक-इन' (म्हणजे ज्या ठरलेल्या काळात करार मोडायचा नसतो तो) आणि 'नोटीस' (घर सोडण्याची आगाऊ सूचना). लोक यांची गल्लत करतात. लॉक-इनच्या काळात निघालात तर उरलेल्या महिन्यांचं भाडं मागितलं जाऊ शकतं; तो काळ संपला की सहसा ठरलेल्या मुदतीची नोटीस पुरते. काही करारांत लॉक-इनची अट फक्त भाडेकरूलाच बांधते, तेवढं सही करण्याआधीच बघायला हवं होतं, पण असो.

नोटीस लेखीच द्या. जिन्यात भेटल्यावर 'पुढच्या महिन्यात सोडतोय हं' म्हटलेलं वाद झाला की कुणालाच आठवत नाही. मालकालाही घाई झाली म्हणून परस्पर कुलूप बदलणं किंवा वीज-पाणी तोडणं बहुतेक ठिकाणी बेकायदा आहे.

लॉक-इनमध्ये अडकलात तर नवा भाडेकरू शोधून देण्याची तयारी दाखवा, बोलणी बरीच सोपी होतात. किल्ल्या देताना मीटरचं रीडिंग आणि भिंती-नळांचे फोटो घ्या, 'ताबा मिळाला' असं लिहून सही घ्या. डिपॉझिटमधून पैसे कापले तर कशाचे किती, ते लेखी मागा. रोजच्या वापराने फिका पडलेला रंग सहसा नुकसानीत धरत नाहीत. फुटलेलं बेसिन मात्र तुमच्याच खात्यात.