परिणाम दिसला नाही, तर नेमके कुठे बिघडले? आरोग्य उपक्रमांच्या संशोधनात या चुका टाळा

दोन-तीन वर्षे राबवलेल्या आरोग्य उपक्रमाचे विश्लेषण हाती येते आणि उपक्रम मिळालेला गट व तुलनेसाठी घेतलेला गट या दोहोंत काहीच फरक आढळत नाही. मूळ कल्पनाच चुकीची होती, की ती लोकांपर्यंत पोहोचलीच नाही, की सारे नीट झाले पण मोजमाप तोकडे पडले, या तीन शक्यतांवरचे उपाय अगदी वेगवेगळे आहेत. कोणती शक्यता खरी, हे ठरवण्यासाठी लागणारी माहिती गोळा करण्याची वेळ मात्र तोवर निघून गेलेली असते. म्हणून पुढील बहुतेक चुका आराखडा कागदावर असतानाच दुरुस्त कराव्या लागतात.

कार्यकारणाची साखळी न मांडणे

कार्यकर्त्यांना प्रशिक्षण दिले की कुटुंबांना माहिती मिळेल, माहिती मिळाली की वागणूक बदलेल आणि वागणूक बदलली की आजार कमी होतील, असे बहुतेक उपक्रमांत मनातल्या मनात गृहीत धरलेले असते. ही साखळी लिहून काढली आणि प्रत्येक कडीसाठी किमान एक मोजमाप ठरवले, तर ती कुठे तुटली हे पुढे शोधता येते. सुरक्षित प्रसूतीच्या तपासणी-सूचीची उत्तर प्रदेशातील १२० आरोग्य केंद्रांत झालेली आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘बेटरबर्थ’ चाचणी या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. कर्मचाऱ्यांना सूची वापरण्याचे प्रत्यक्ष मार्गदर्शन सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी त्या केंद्रांत आवश्यक कृतींपैकी सुमारे ७३ टक्के कृती पार पाडल्या जात होत्या, तर तुलनेच्या केंद्रांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के होते. तरीही मातामृत्यू, जन्माच्या सुमारास होणारे बालमृत्यू आणि मातांच्या गंभीर गुंतागुंती यांचे एकत्रित प्रमाण अनुक्रमे १५.१ आणि १५.३ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच राहिले. कर्मचाऱ्यांच्या कृती मोजल्या नसत्या, तर ‘सूची कोणी वापरलीच नाही’ असा सोपा पण चुकीचा निष्कर्ष निघाला असता. वागणूक बदलली आणि तरी मृत्यू घटले नाहीत, हे कळल्यामुळेच पुढचा शोध कौशल्ये, साधनसामग्री आणि गुंतागुंतीच्या रुग्णांना वेळेत पुढे पाठवण्याची व्यवस्था यांकडे वळवता येतो. माझ्या मते निष्फळ ठरलेल्या चाचणीतूनही इतके शिकायला मिळणे, हेच चांगल्या आराखड्याचे लक्षण आहे.

नोंद झाली म्हणजे काम झाले असे धरणे

घरभेटीच्या फॉर्मवर ‘माहिती दिली’ या रकान्यात सगळीकडे बरोबरची खूण असते. ती भेट चार मिनिटांत उरकली की अर्धा तास चालली, घरात निर्णय घेणारी व्यक्ती हजर होती का, तिने काही शंका विचारली का, यांतले काहीच त्या खुणेतून कळत नाही. सर्व भेटींचे निरीक्षण करणे अशक्य असले, तरी यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या थोड्या भेटींना पर्यवेक्षकाने हजर राहणे आणि काही दिवसांनी त्याच घरी दुसऱ्या व्यक्तीने जाऊन काय लक्षात राहिले हे विचारणे शक्य असते. औषधांबाबतही ‘गोळ्या नियमित घेता का?’ या प्रश्नाला अनेक जण संकोचापोटी होकार देतात. त्याऐवजी पाकीट पाहून उरलेल्या गोळ्या मोजाव्यात आणि मोजणीचा दिवस आधी सांगू नये.

माणसे मोजणे, गट न मोजणे

उपक्रम संपूर्ण गावाला, शाळेला किंवा दवाखान्याला दिला जात असेल, तर एका गटातील माणसे एकमेकांसारखी असतात आणि प्रत्येक नव्या माणसाकडून मिळणारी माहिती त्या प्रमाणात कमी होते. समजा २० गटांत प्रत्येकी ५० जण आहेत आणि गटांतर्गत सहसंबंध, म्हणजे एका गटातील माणसे एकमेकांसारखी किती आहेत याचे माप, ०.०५ आहे. अशा वेळी नमुनासंख्येला १ + (५० − १) × ०.०५, म्हणजे ३.४५ ने भागावे लागते. हजार जणांचा नमुना प्रत्यक्षात सुमारे २९० जणांइतकाच भरतो. अशा वेळी प्रत्येक गटातील माणसे वाढवण्यापेक्षा गटांची संख्या वाढवणे अधिक फायद्याचे असते. एका गावाला उपक्रम द्यायचा आणि शेजारचे गाव तुलनेला घ्यायचे, या आराखड्यात तर कितीही माणसे घेतली तरी दोन गावांतला मूळचाच फरक वेगळा काढता येत नाही.

तुलनेविना ‘आधी आणि नंतर’

ज्यांचा रक्तदाब सर्वांत जास्त आढळला त्यांनाच निवडले, तर काहीही न करता पुढच्या मोजणीत त्यांची सरासरी बहुधा खाली येते, कारण पहिल्या मोजणीतला काही भाग योगायोगाचा असतो. तुलनेचा गट नसेल तर ही घट उपक्रमाच्या नावावर जमा होते.

वाटेत बदल करणे आणि ते न नोंदवणे

स्थानिक गरजेनुसार उपक्रमात फेरफार करणे गैर नाही. कोणता भाग बदलता येणार नाही आणि कोणता परिस्थितीप्रमाणे बदलता येईल, हे आधी ठरलेले असावे आणि प्रत्येक बदलाची तारीख व कारण नोंदलेले असावे, एवढीच अपेक्षा आहे. मुख्य निष्पत्तीबाबत, म्हणजे उपक्रमाचे यश ज्या एका परिणामावरून ठरवायचे त्याबाबत, मात्र अशी मोकळीक नसते. आकडे पाहून मुख्य निष्पत्ती बदलणे हे सहभागी लोकांनी दिलेल्या वेळेशी आणि विश्वासाशी प्रतारणा करणे आहे. म्हणूनच पहिली व्यक्ती सहभागी होण्यापूर्वी चाचणीची सार्वजनिक नोंदणी करून तीत मुख्य निष्पत्ती आणि ती मोजण्याची वेळ लिहावी.

अहवालात उपक्रमाचे वर्णन एका ओळीत आटोपणे

‘आरोग्यशिक्षण देण्यात आले’ एवढ्यावरून दुसऱ्या कोणाला तो उपक्रम राबवता येणार नाही. उपक्रम कोणी दिला, त्यांचे प्रशिक्षण काय होते, किती वेळा, किती वेळ आणि कोणत्या साहित्यासह दिला, ठरल्यापैकी प्रत्यक्षात किती पार पडले, हे सारे लिहावे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘टायडिअर’ ही १२ मुद्द्यांची सूची याच कामासाठी आहे. तुलनेच्या गटाचेही तितकेच सविस्तर वर्णन द्यावे, कारण ‘नेहमीची सेवा’ एखाद्या ठिकाणी उपक्रमाच्याच तोडीची असू शकते आणि तिथे फरक न दिसण्याचे कारण तेवढेच असते.