आपत्कालीन पथकाचा ग्रुप सुरक्षित कसा चालवावा

चांगले अ‍ॅप घेतले की ग्रुप सुरक्षित झाला, हा सल्ला मला आता ऐकवत नाही. जखमींची नावे, घरांचे पत्ते, पथक कोणत्या वाटेने आत शिरणार ही माहिती सहसा एन्क्रिप्शन, म्हणजे संदेशांना लावलेले सांकेतिक कुलूप, फोडून कुणी नेत नाही. ग्रुपमध्ये असायला नको अशा एखाद्या फोनमधून ती बाहेर पडते.

अ‍ॅप सिग्नल घ्या. व्हॉट्सअ‍ॅपही चालेल, पण त्याच्या क्लाउड बॅकअपचे एन्क्रिप्शन प्रत्येक सदस्याने स्वतः सुरू करावे लागते. टेलिग्रामच्या ग्रुपना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन (संदेश फक्त पाठवणारा आणि घेणारा वाचू शकेल, अ‍ॅपची कंपनीही नाही, असे) नसते, त्यामुळे या कामासाठी ते नको.

प्रत्येकाच्या फोनला स्क्रीन लॉक हवा, सिग्नलचे रजिस्ट्रेशन लॉक (पिनशिवाय आपला नंबर दुसऱ्या फोनवर नोंदवू न देणारी सोय) सुरू हवे आणि लॉक स्क्रीनवर संदेशाचा मजकूर दिसता कामा नये.

आता खरे अवघड काम: सदस्यांची यादी. घटना घडली की मदतीला येणारा प्रत्येक जण म्हणतो, ‘मला ग्रुपमध्ये घ्या.’ घाईत कुणीतरी ग्रुपमध्ये येण्याची लिंक टाकतो, ती दुसऱ्या ग्रुपमध्ये फिरते आणि तासाभरात कोण कोण आत आहे हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून लिंक बंदच ठेवा. सदस्य जोडण्याचा अधिकार फक्त अ‍ॅडमिनकडे द्या आणि अ‍ॅडमिन दोन नेमा, वेगवेगळ्या पाळीतले. एकच अ‍ॅडमिन असेल आणि तो ढिगाऱ्याजवळ काम करत असेल, तर हरवलेला फोन काढणार कोण?

नव्या माणसाला फोन करून आवाज ओळखल्याशिवाय घेऊ नका. नाव आणि फोटो कुणीही लावू शकतो. एखाद्याचा सेफ्टी नंबर (त्याच्याशी होणारे संभाषण खरेच त्याच्याशीच आहे हे पडताळण्यासाठी सिग्नल दाखवतो तो आकडा) बदलल्याची सूचना आली, तर बहुधा त्याने फोन बदललेला असतो किंवा अ‍ॅप पुन्हा टाकलेले असते. तरीही त्याच्याशी बोलून खात्री होईपर्यंत संवेदनशील काही पाठवू नका. ही सूचना दुर्लक्षून पुढे जाणारे फार पाहिले आहेत, आणि मला ते अजिबात मान्य नाही.

सदस्याला काढले तरी जुने संदेश त्याच्या फोनवर राहतात. त्यामुळे प्रत्येक घटनेसाठी नवा ग्रुप करा आणि काम संपले की तो बंद करा. नियंत्रण कक्षातल्या सामायिक संगणकावर कुणी आपले खाते जोडले असेल, तर पाळी संपताना ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये जाऊन ते तोडायला लावा. हे बहुतेक सगळे विसरतात.

संदेश आपोआप पुसले जाण्याची मुदत एक आठवडा पुरेशी आहे. मात्र अधिकृत नोंदी आधी ठरलेल्या नोंदवहीत उतरवून घ्या. चॅट म्हणजे दफ्तर नव्हे.

फाइलच्या नावात तारीख आणि वेळ घाला, नाहीतर दोन पथके दोन वेगळे नकाशे घेऊन फिरतात. फोटो नेहमीच्या पद्धतीने पाठवला की त्यातली ठिकाणाची माहिती निघून जाते. रुग्णाच्या फोटोसाठी हे बरेच आहे, शोधकार्यात मात्र अक्षांश-रेखांश संदेशात वेगळे लिहा. रुग्णाचे नाव आणि फोटो एकत्र कधीही टाकू नका.

मोबाइल टॉवर बंद पडला तर वायरलेसच्या कोणत्या चॅनलवर यायचे, ते कागदावर छापून प्रत्येक गाडीत लावा.