शामिसेन शिकताना या चुका टाळा

चौकोनी खोके, त्यावर ताणलेले कातडे, पडदे नसलेली लांब दांडी आणि तीन तारा एवढे पाहिले की सतार-सरोद जवळून पाहिलेल्या मराठी माणसाला शामिसेन हे जपानी वाद्य ओळखीचे वाटू लागते. शिकणाऱ्याच्या बहुतेक चुका या ओळखीच्या भासातूनच होतात.

पहिली चूक नावाची आहे. हे नाव ज्या तीन चित्रलिपी-चिन्हांनी लिहितात त्यांचे अर्थ अनुक्रमे ‘तीन’, ‘चव’ आणि ‘तार’ असे आहेत. त्यावरून ‘तीन रसांचे वाद्य’ असा अर्थ मोठ्या हौसेने सांगितला जातो, पण मधले चिन्ह केवळ उच्चारासाठी घेतलेले आहे आणि चवीशी त्याचा काही संबंध नाही. चीनमधील ‘सानश्येन’ हे तीनतारी वाद्य र्‍युक्यू बेटांवर, म्हणजे आजच्या ओकिनावात, ‘सानशिन’ झाले आणि सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथून ओसाकाजवळच्या साकाई बंदरात पोहोचले. त्याबरोबर नावही बदलत आले. म्हणून ‘सामिसेन’ हा उच्चार ऐकला तर तो चुकीचा समजू नये, आणि उत्तर जपानमधल्या त्सुगारु भागातल्या ‘त्सुगारु-जामिसेन’ या नावातला ‘जा’ पाहून ते वेगळे वाद्य असल्याची समजूतही करून घेऊ नये. जपानी समासात दुसऱ्या शब्दाचा पहिला वर्ण असा मृदू होतो. ‘जिउता’ या गायनप्रकारातले लोक याच वाद्याला ‘सांगेन’ म्हणतात. सानशिन मात्र खरोखरच निराळे आहे: त्यावर सापाचे कातडे असते आणि ते बोटात घातलेल्या नखीने वाजवतात.

दुसरी चूक कानाची असून मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. नवशिका सर्वांत जाड, पहिली तार छेडतो, तिच्यातून झिणझिण ऐकू येते आणि वाद्य सदोष आहे असे समजून तो ती बंद करण्याच्या मागे लागतो. या झिणझिणीला ‘सावारी’ म्हणतात आणि ती कारागिराने मुद्दाम घडवलेली असते. दांडीच्या वरच्या टोकाला दुसरी आणि तिसरी तार धातूच्या एका छोट्या पट्टीवर टेकते. पहिली तार त्या पट्टीवरून जात नाही. तिच्या खाली दांडीलाच बारीक उंचवटा आणि त्यापुढे किंचित खोलगट भाग कोरलेला असतो, आणि कंप पावणारी तार त्या उंचवट्याला हलकेच घासत राहते. हा शब्द ‘स्पर्श होणे’ या अर्थाच्या जपानी क्रियापदावरून आलेला आहे. आपल्या ‘जवारी’शी, म्हणजे तंबोऱ्याच्या तारांना झंकार देणाऱ्या घोडीवरच्या घडणीशी, त्याचे यमक जुळते, पण व्युत्पत्ती जुळत नाही. तंबोऱ्याला जवारी लावून घेणाऱ्याला मात्र यामागची कल्पना सांगावी लागणार नाही. सावारी लागत नसेल तर आधी स्वर तपासावेत, कारण तारा नीट मिळालेल्या असल्या की इतर तारांवरचे जुळणारे स्वर वाजवतानाही पहिली तार आपोआप बोलू लागते. स्वर बरोबर असूनही ती मुकी राहिली तर काही वाद्यांच्या दांडीमागे यासाठीच बसवलेला स्क्रू असतो, तो अगदी थोडा फिरवून पाहावा. स्क्रू नसेल तर उंचवटा स्वतः घासायला जाऊ नये. ते काम कारागिराचेच आहे.

स्वर मिळवताना मोबाइलवर ठरावीक पट्टी लावून मोकळे होणे ही तिसरी चूक. शामिसेनला कायमची पट्टी नसते, ती गायकाच्या गळ्याप्रमाणे ठरते. आपण ‘काळी चार’, ‘पांढरी एक’ म्हणतो तसे तिथे ‘होन’ मोजतात, आणि ‘चार होन’ म्हणजे आपली पांढरी एक. मुख्य जुळण्या तीन आहेत. ‘होनचोशी’ म्हणजे सा-म-सा, त्यातली दुसरी तार एक स्वर चढवली की ‘निआगारी’ म्हणजे सा-प-सा, आणि होनचोशीतली तिसरी तार एक स्वर उतरवली की ‘सानसागारी’ म्हणजे सा-म-कोमल नी. खुंटी घसरत असेल तर ती पिळताना आतल्या बाजूला दाबावी. रेशमी तार नवीन असेल तर ती हाताने हळूहळू ओढून आधी ताणून घ्यावी, नाहीतर दर दोन मिनिटांनी ती उतरत राहते. वाजवता वाजवता स्वर सावरून घेणे हा वादनाचाच भाग आहे.

बैठकीत डाव्या हाताने दांडी पेलून धरणे टाळावे. वाद्याचा भार उजव्या मांडीवर आणि खोक्यावर टेकवलेल्या उजव्या हातावर असतो. डावा हात सरकायला मोकळा राहावा म्हणून अंगठा आणि तर्जनीत विणलेली छोटी पट्टी घालतात. ‘बाची’ हा रुंद टोकाचा आघातक तारेबरोबर कातड्यावरही आपटतो, आणि तो ठोका वादनात हवाच असतो. गिटारसारखी नुसती तार खुडली तर अर्धे वाद्य गप्पच राहते.

आता कातड्याविषयी. परंपरेने ते मांजराचे किंवा कुत्र्याचे असते आणि चिकट तांदळाच्या पिठाच्या खळीने खोक्याला चिकटवलेले असते, त्यामुळे दमट हवा हा त्याचा मोठा शत्रू आहे. पुण्यात एका जुलैच्या रात्री मी ‘कोमा’ म्हणजे घोडी न काढता वाद्य भिंतीला टेकवून ठेवले. सकाळी खोक्याच्या खालच्या कोपऱ्यातले कातडे नखभर सुटलेले दिसले, आणि बोटाने टिचकी मारल्यावर आदल्या दिवशीच्या टणक ‘टक’ऐवजी ओल्या डफासारखा आवाज आला. तारांचा ताण घोडीमार्फत रात्रभर कातड्यावर राहिला होता आणि खळ ओलीने सैल पडली होती. वादन संपताच घोडी काढावी, खोक्याला ओल अडवणारी पिशवी घालावी आणि सुटलेला कोपरा घरच्या गोंदाने चिकटवण्याचा प्रयत्न करू नये, कारण पूर्ण कातडे उतरवून नव्याने ताणावे लागते. मुंबईत किंवा कोकणात राहणाऱ्याने सरळ कृत्रिम कातड्याचे वाद्य घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. नाद थोडा कोरडा येतो, पण पावसाळाभर सराव थांबत नाही.

जुने वाद्य जपानमधून मागवणार असाल तर सामान कशाचे आहे ते आधी विचारून घ्या. जुन्या बाची आणि घोड्या अनेकदा हस्तिदंताच्या असतात आणि भारतात हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आहे. उत्तम प्रतीच्या दांडीसाठी वापरले जाणारे ‘कोकी’ लाकूड म्हणजे आपल्याकडचे, मुख्यतः आंध्र प्रदेशातले रक्तचंदन, आणि त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही निर्बंध आहेत. सुरुवातीला ‘कारिन’ लाकडाची दांडी, प्लास्टिकची घोडी आणि लाकडी किंवा प्लास्टिकची बाची पुरते.