गौरी-गणपतीत दोन खोल्यांच्या घरात आठ-नऊ जणांची झोपण्याची सोय कशी करावी

दिवाळीत किंवा मे महिन्याच्या सुटीत पाहुणे आले, तर हॉलभर गाद्या पसरून प्रश्न सुटतो. गौरी-गणपतीत तसे होत नाही. हॉलची एक बाजू मखराने व्यापलेली असते, पावसामुळे गाद्यांना ऊन दाखवता येत नाही आणि पहाटेपासून त्याच जमिनीवर पूजेची व नैवेद्याची लगबग सुरू व्हायची असते. हॉल, एक शयनगृह आणि स्वयंपाकघर एवढ्या घरात आम्ही दर भाद्रपदात आठ-नऊ जण झोपतो. गाद्यांची उणीव आम्हाला कधी जाणवली नाही. चालण्यापुरती वाट मोकळी ठेवणे मात्र दरवर्षी अवघड जाते.

सर्वांत आधी कोणत्या रात्री किती माणसे असतील हे कागदावर लिहावे. ज्येष्ठा गौरींचे आवाहन अनुराधा नक्षत्रावर, पूजन ज्येष्ठा नक्षत्रावर आणि विसर्जन मूळ नक्षत्रावर होते. त्यामुळे खरी गर्दी आवाहनाच्या आणि पूजनाच्या अशा दोनच रात्री असते, आणि दोन रात्रींसाठी नवा सोफा-कम-बेड विकत घेणे मला कधीच पटलेले नाही.

त्यानंतर मोजपट्टी घेऊन जमीन मोजावी. आमचा हॉल १० बाय १५ फूट आहे. मखराची खोली ३ फूट आणि त्यासमोर आरतीसाठी व दिव्याच्या सुरक्षिततेसाठी २ फूट जागा सोडली, की १० बाय १० फूट उरतात. समोरच्या भिंतीला लावलेला सोफा ३ फूट घेतो. म्हणजे गाद्यांसाठी १० फूट रुंदी आणि ७ फूट लांबी मिळते. गणपतीकडे पाय करून झोपायचे नसल्याने उशा मखराच्या बाजूला आणि पाय सोफ्याकडे अशी मांडणी करावी लागते. अडीच बाय सहाच्या तीन गाद्या शेजारी-शेजारी टाकल्या, की साडेसात फूट जातात आणि दाराच्या बाजूने अडीच फुटांची वाट शिल्लक राहते. मोह होतो तो नेमका इथेच, कारण त्या वाटेत चौथी गादी अगदी नीट बसते. आम्ही एका वर्षी ती टाकली आणि रात्री दोन वाजता बाथरूमला निघालेल्या मामांचा पाय भाच्याच्या पोटावर पडला. तेव्हापासून ती वाट आम्ही मोकळीच ठेवतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना उत्तरेकडे डोके करून झोपणे चालत नसेल, तर मखराची जागा ठरवतानाच त्याचा विचार करावा. मूर्ती बसल्यावर काही हलवता येत नाही.

लहान मुलांना उभ्या गादीवर एकेक जागा देण्याऐवजी दोन गाद्या जोडून त्यांवर आडवे झोपवावे. साडेचार फुटांपेक्षा कमी उंचीची तीन मुले पाच बाय सहा फुटांत आरामात मावतात. दोन गाद्यांमधल्या फटीत पाय अडकू नये म्हणून वरून एकच मोठे पलंगपोस ताणून दोन्ही बाजूंनी गादीखाली खोचावे. अशा रीतीने हॉलमध्ये तीन मुले, एक मोठा माणूस आणि सोफ्यावर एकजण अशा पाच जणांची सोय होते. शयनगृहातील पलंग गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांसाठीच राखावा, कारण जमिनीवरून उठणे त्यांना जड जाते आणि खोलगट सोफा त्याहून वाईट असतो. पलंग आणि कपाट यांच्यामधल्या तीन फुटांत एक गादी बसते, फक्त कपाटातून सकाळी लागणारी वस्त्रे, सोवळे आणि पूजेचे साहित्य रात्रीच बाहेर काढून ठेवावे. अनेक घरांत पलंगावर फोमच्या गादीवर आणखी एक कापसाची गादी असते. ती खाली घेतली, तर ही जास्तीची गादी कुठून आणायची हा प्रश्नच राहत नाही.

स्वयंपाकघरात कोणाला झोपवायचे असेल, तर ते शेवटचा उपाय म्हणून. सिलिंडरमधला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे गळती झाल्यास तो जमिनीलगत, म्हणजे नेमका झोपलेल्या माणसाच्या उंचीवर साचतो. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा, खिडकी उघडी ठेवावी आणि तिथे पहाटे सर्वांत आधी उठणाऱ्या व्यक्तीचीच जागा करावी. हाच नियम इतरत्रही लावता येतो. नैवेद्याच्या स्वयंपाकासाठी लवकर उठणाऱ्या जावा-नणंदा आतल्या बाजूला, तर देखावे पाहून मध्यरात्रीनंतर परतणारी तरुण मंडळी मुख्य दाराजवळ असली, म्हणजे कोणी कोणाला ओलांडून जात नाही. घोरणाऱ्यांबद्दल मी काही लिहीत नाही. प्रत्येक घराला आपापली माणसे ठाऊक असतात.

आता अंथरुणाविषयी. भाद्रपदातली फरशी गार आणि दमट असते, म्हणून गादी थेट फरशीवर टाकू नये. सर्वांत खाली चटई, तिच्यावर सतरंजी, मग गादी आणि वर चादर असा क्रम ठेवावा. गादी कमी पडल्यास जुन्या लुगड्यांच्या दोन जाड गोधड्या एकावर एक घातल्या, तरी तरुण माणसाची पाठ तक्रार करत नाही. उशा कमी असतील, तर अभ्र्यात घडी घातलेली साडी किंवा शाल भरावी. पांघरायला प्रत्येकी एक सोलापुरी चादर पुरते, कारण थंडी पावसापेक्षा पंख्याचीच अधिक वाजते. प्रत्येकाच्या उशीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला, तर दुसऱ्या रात्री उशांची अदलाबदल होत नाही.

कापूस ओलावा धरतो आणि महिनोन्महिने माळ्यावर पडलेल्या गादीला कुबट वास येतो. पावसाने उघडीप दिली, तर तासभर का होईना ऊन द्यावे. ते न जमल्यास पाहुणे येण्याच्या दोन दिवस आधी गाद्या खुर्च्यांवर उभ्या करून रात्रभर पंख्याखाली ठेवाव्यात आणि मधूनमधून बाजू बदलावी. मंडपवाल्याकडून गाद्या भाड्याने आणणार असाल, तर त्या दिवसाउजेडी ताब्यात घ्याव्यात आणि शिवणीच्या कडा बोटांनी उलगडून पाहाव्यात. तिथे काळे बारीक ठिपके दिसले, तर ती गादी घरात घेऊ नये. ढेकूण पाहुण्यांबरोबर परत जात नाहीत.

डासांसाठी मच्छरदाणी सर्वांत बरी. तिचे दोर खिडकीच्या गजाला आणि पडद्याच्या दांडीला बांधावेत आणि कडा गादीखाली खोचाव्यात. बंद खोलीत इतकी माणसे झोपलेली असताना कॉइल लावू नये. धुराचा त्रास होतो आणि लोळलेली चादर पेटत्या टोकावर जायला वेळ लागत नाही. समईच्या बाबतीत तर अधिक सावध असावे. अखंड दिव्याचा नेम असेल, तर समई रुंद परातीत, मखराच्या कापडापासून दूर आणि पंख्याचा झोत लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावी, आणि मच्छरदाणीचे टोक तिच्या जवळपासही येऊ देऊ नये. नेम नसेल, तर झोपण्यापूर्वी दिवा शांत होऊ द्यावा आणि विजेच्या माळा बंद कराव्यात. बाथरूमच्या वाटेवर एक छोटा रात्रदिवा लावावा. उभा पंखा व मोबाइल चार्जिंगचा बोर्ड यांच्या वायरी भिंतीच्या कडेने न्याव्यात. गादीखालून नेलेली वायर दबते आणि तापते.

सकाळी उठल्याबरोबर जो तो आपली वळकटी करील, असे आदल्या रात्रीच सांगून ठेवावे. वळकट्यांची चळत शयनगृहात, पण बाहेरच्या ओल्या भिंतीपासून वीतभर अंतर सोडून रचावी. एकदा आम्ही ती भिंतीला टेकवून ठेवली होती आणि विसर्जनाच्या दिवशी खालच्या दोन गाद्यांच्या कडांवर हिरवट बुरशीची रेघ उमटलेली दिसली.

पाहुणे गेल्यावर अभ्रे आणि चादरी धुवाव्यात, पण गाद्या लगेच माळ्यावर टाकू नयेत. त्या आठवडाभर पंख्याखाली आणि नंतर ऑक्टोबरचे कडक ऊन पडू लागले, की दोन-तीन दुपारी गच्चीवर उलटसुलट वाळवाव्यात. मग प्लॅस्टिकमध्ये नव्हे, तर हवा खेळेल अशा जुन्या सुती साडीत गुंडाळून वर चढवाव्यात.