गंजलेला कारखाना झटपट रंगवताना या चुका टाळा

छोट्या सैनिकांच्या प्रतिकृती मांडून खेळतात त्या युद्धखेळाच्या टेबलासाठी पन्हळी पत्र्याची एक शेड, दोन टाक्या आणि पाइपांची एक रांग एवढे टेरेन, म्हणजे टेबलावरचा देखावा, दोन संध्याकाळींत आरामात रंगवून होते. तरीही अनेकांचे कारखाने टेबलावर खोटे दिसतात आणि त्याचे पहिले कारण बहुधा एकच असते: गंज सगळीकडे सारखा फासलेला असतो.

नाशिकमध्ये राहणाऱ्याने यासाठी चित्रे शोधत बसण्याची गरज नाही. पावसाळा सरल्यावर सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीतून एक सावकाश फेरी मारावी. जुन्या शेडचा पत्रा मधोमध बराचसा धड असतो. गंज धरतो तो कापलेल्या कडेला, बोल्टच्या भोकाभोवती आणि दोन पत्रे एकमेकांवर चढतात त्या पट्टीत, कारण तिथल्या फटीत शिरलेले पाणी लवकर सुकत नाही. बोल्टखालून निघालेला तांबूस ओघळ वर गडद असतो आणि खाली येता येता विरत जातो. पाणी कुठे साचेल आणि कुठून ओघळेल, हे मॉडेल हातात धरून आधी ठरवले की अर्धे काम झालेच म्हणून समजावे.

पुष्कळ जण आधी पत्र्याचा रंग देतात आणि त्यावर गंज चढवतात. घाईच्या कामाला मला उलटा क्रम अधिक सोयीचा वाटतो. संपूर्ण मॉडेलला बर्न्ट अंबरचा गडद तपकिरी हात द्यावा, कडा आणि सांधे यांवर तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना टिपावा, आणि मग फाडलेल्या स्पंजच्या तुकड्याने राखाडी, निळा किंवा मळकट हिरवा असा पत्र्याचा रंग मधल्या भागावर टिपत न्यावा. कडा आपोआप गंजलेल्या राहतात. स्पंज मात्र ओला नसावा. वर्तमानपत्रावर टिपून केवळ बारीक ठिपके उमटू लागले की मगच तो मॉडेलला लावावा. २८ मिलिमीटरच्या मिनिएचरचे, म्हणजे सैनिकाच्या प्रतिकृतीचे, प्रमाण साधारण १:५६ धरले, तर मॉडेलवरचा दीड मिलिमीटरचा ठिपका म्हणजे खऱ्या पत्र्यावर आठ सेंटिमीटरांहून मोठा पोपडा होतो. भडक नारिंगी हा ताज्या गंजाचा रंग आहे, त्यामुळे तो दोन-चार जागीच पुरेसा असतो. गंज जास्त झालाच तर रंग खरवडू नये. पत्र्याचा मूळ रंग स्पंजने पुन्हा त्यावर टिपला की भागते.

दुसरी चूक रंगांच्या निवडीत होते. घरातल्या मुलांचे पोस्टर कलर हाताशी असतात, म्हणून तेच वापरले जातात. पोस्टर कलर सुकल्यावरही पाण्याने पुन्हा सुटतो, त्यामुळे वरून वॉश, म्हणजे खूप पातळ केलेल्या रंगाचा हात, दिला की खालचा थर विरघळून सगळा चिखल होतो. अॅक्रिलिक सुकल्यावर असे सुटत नाही, म्हणून वॉशखाली तोच हवा.

वॉशमध्येही घाई नडते. मोठ्या सपाट भिंतीवर तो एकदम ओतला तर सुकताना चहाच्या कपाखाली उमटते तशी गोल कडा उमटते. ओला असतानाच कापसाच्या काडीने मधला भाग टिपून घ्यावा आणि काडी वरून खाली ओढावी, म्हणजे त्याच डागाचे ओघळ बनतात. कडा सुकून बसली असेल तर तिच्यावर पत्र्याच्या रंगाचा हलका ड्रायब्रश, म्हणजे रंग पुसून जवळजवळ कोरडा केलेला ब्रश, फिरवावा.

थर्माकोलवर थेट स्प्रे कॅन मारणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. कॅनमधले द्रावक थर्माकोल खाऊन टाकते आणि भिंतीला खळगे पडतात. आधी फेविकॉलमध्ये काळा अॅक्रिलिक कालवून दोन हात द्यावेत, एकही फट उघडी ठेवू नये आणि पुढचा रंग ब्रशनेच लावावा. पडलेले खळगे वॉलपुट्टीने बुजतात. एमडीएफच्या, म्हणजे दाबलेल्या लाकडी तंतूंच्या फळीच्या, तुकड्यांना दोन्ही बाजूंनी रंग द्यावा, नाहीतर ते वाकतात.

हवामानाचा विचार मात्र नाशिककरांनी वेगळा करायला हवा. गेल्या जुलैत गॅलरीत पाऊस लागलेला असताना मी एका पूर्ण रंगवलेल्या टाकीवर मॅट (चमक नसलेल्या) वॉर्निशचा स्प्रे मारला आणि दहा मिनिटांत तिच्यावर दुधाच्या सायीसारखा पांढरा पडदा आला. इतके मन लावून काढलेले ओघळ त्याखाली नाहीसे झालेले पाहून फार वाईट वाटले. दमट हवेत वॉर्निशच्या थरात ओलावा अडकतो आणि असे होते. ऊन पडलेल्या कोरड्या दिवशी त्यावर ग्लॉस (चमकदार) वॉर्निशचा पातळ हात दिला की पडदा बहुधा जातो. माझ्या टाकीचे ओघळ तसे परत दिसू लागले. मेमधल्या उन्हात आणि वाऱ्यात याच्या उलट घडते: स्प्रे हवेतच सुकतो आणि पृष्ठभागावर रवाळ भुकटी बसते. अशा दिवसांत सकाळी लवकर, सुमारे २० सेंटिमीटरांवरून स्प्रे मारावा. पावसाळ्यात ब्रशने लावायचे पाण्यातले वॉर्निश वापरावे आणि ते सुकायला पूर्ण रात्र द्यावी.

शेवटचा हात धुळीचा. तो संपूर्ण भिंतीवर न फिरवता तळाच्या पाच मिलिमीटरांतच ठेवावा, कारण पावसाचे शिंतोडे खऱ्या भिंतीवर साधारण फूटभरच उडतात आणि वरच्या पत्र्यावरची धूळ तोच पाऊस धुऊन नेतो.